नणंदेची टिल्ली

नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं पटतं. वाद एकाच गोष्टीवर आहे: माझ्या नवऱ्याला डोक्यावर कुणी चढवून ठेवलं? मी म्हणते, ताईंनी. त्या म्हणतात, "मी खांद्यापर्यंत चढवला होता, पुढचं तुझं काम."

खोटं नाही ते. आई लवकर गेली, वडील कारखान्यात रात्रपाळीला. दहा-अकरा वर्षांनी धाकट्या असलेल्या या भावाला ताईंनीच न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेऊन सोडलं, आणि कीबोर्डवर सा कुठं असतो तेही त्यांनीच दाखवलं. पुढे त्यानं बॅन्ड काढला तेव्हा त्याच्या शेजारी पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या ताईच, गळ्यात बेस गिटार अडकवून. बेस म्हणजे चार जाड तारा आणि अगदी खालचा आवाज. तो चालू असेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, पण थांबला की घरातला फ्रिज अचानक बंद पडल्यासारखे सगळे माना वर करतात. बॅन्डमधले लोक त्यांना खर्जताई म्हणायचे.

पोटापाण्यासाठी ताई शाळेची बस चालवतात. सकाळी मुलं सोडली की दुपारी शाळा सुटेपर्यंत बस शाळेमागच्या मैदानात उभी. बाकीचे ड्रायव्हर तेवढ्यात झोप काढतात नाहीतर पत्ते कुटतात. ताईंना तो वेळ रियाजाला हवा होता. पण त्यांची मोठी बेस म्हणजे लाकडाचा ओंडका. दिवसभर स्टिअरिंग ओढून त्यांचा उजवा खांदा आधीच कुरकुरत होता, आणि असं चांगलं वाद्य रोज बसमध्ये ठेवायला जीव धजत नव्हता. म्हणून त्यांनी एक स्वस्तातली बेस घेतली. दांडी आखूड, वजनाला हलकी, रंग असा की लोखंडी गेटला लाल रंग देऊन उरलेला डबा तिच्यावर ओतला असावा. दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं, "बाई, ही शिकाऊ मुलांसाठी आहे हो."

"मग मी काय शिकून बसलेय?" ताई म्हणाल्या आणि घेऊन आल्या.

घरी आणली तेव्हा ती वाजण्यापेक्षा कण्हायची जास्त. ताईंनी तारा बदलल्या, दांडीवरचे उंच राहिलेले पडदे कानशीनं घासले, खुंट्या सैल होत्या त्या आवळल्या. तरी जाड तार तिसऱ्या पडद्यावर दाबली की ती किंचित करकरायचीच. तिथं ताई बोट जरा तिरकं टाकायच्या, मग करकर निम्मी व्हायची. नाचता येईना त्याला अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण खरोखरच वाकडं होतं, पण बाईला नाचता येत होतं. आम्ही तिचं नाव टिल्ली ठेवलं. ड्रायव्हरच्या सीटमागं तिची जागा. मैदानात बस लागली की ताई पहिल्या बाकावर बसायच्या, पाय पायरीवर, कानांवर हेडफोन. बाहेरच्याला फक्त टकटक ऐकू यायची. एका ड्रायव्हरला कितीतरी दिवस वाटत होतं की ही बाई बाकांचे खिळे ठोकत बसते.

गावोगावी कार्यक्रमाला जाताना मोठी बेस स्टेजसाठी आणि टिल्ली वाटेतल्या रियाजासाठी, असं चालायचं. मीही जायचे बरोबर. औषधाच्या दुकानातल्या नोकरीतून सुटी काढून मी बॅन्डचे कपडे सांभाळायचे, इस्त्री करायचे, गाणाऱ्याच्या घशाला गरम पाणी द्यायचे. म्हणजे पुढं जे झालं ते मी ऐकीव सांगत नाही.

सुरुवात लॅपटॉपनं झाली. माझ्या नवऱ्यानं तो घेतला आणि त्याला वाटलं, आपण चार माणसं एकदम नोकरीला ठेवली. आधी बासरी लॅपटॉपमधून यायला लागली. मग ड्रम. आमचे ड्रमवाले काका साठीच्या पुढचे. एके दिवशी नवऱ्यानं सांगितलं, काकांचे गुडघे गेले, प्रवास झेपत नाही म्हणतायत. आम्ही हळहळलो. ताई म्हणाल्या, "बघून यायला पाहिजे एकदा." पण बसच्या फेऱ्या, शाळेच्या परीक्षा, माझं दुकान, यात ते राहूनच गेलं. लॅपटॉपला गुडघे नव्हते, त्यामुळे ठेका काही चुकला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तो ताईंना म्हणाला, "ताई, रविवारी घरी ये ना. आपली सगळी गाणी एकदा रेकॉर्ड करून ठेवू. नवीन गाणारा आला तर त्याला सरावाला उपयोगी पडतील."

ताई आल्या. मोठी बेस आणायला खांदा नको म्हणत होता, म्हणून टिल्लीच घेऊन आल्या. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून लागोपाठ तीन रविवार त्यांनी सगळी गाणी वाजवली. एकेक गाणं मनासारखं होईपर्यंत. मी मधूनमधून चहा देत होते. भाऊ म्हणत होता, "वा ताई, वा." बहिणीच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता.

मग एका गाड्यांच्या शोरूमच्या उद्घाटनाचं काम आलं. मोठी सुपारी, झगमगीत हॉल. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं ताईंना फोन केला. मी शेजारीच होते, फोन स्पीकरवर.

"ताई, मोठी बेस नको आणूस. टिल्ली आण."

"स्टेजवर टिल्ली? शोभेल का ती?"

"तिच्यावर काळा कागद चिकटवू. गाडीत जागा नाहीये. आणि तशीही ती वाजणार नाहीच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बेस आता लॅपटॉपमधल्या ट्रॅकवर आहे. तू फक्त उभं राहायचंस, बोटं हलवायची. तुझ्या खांद्यालाही आराम."

मग ताई एवढंच म्हणाल्या, "उद्या बघू."

हॉलवर आम्ही दुपारी पोचलो. टिल्लीच्या लाल अंगावर नवऱ्यानं खरंच काळा चिकट कागद गुंडाळला होता. कोपऱ्यात बुडबुडे आले होते. ताईंनी तो काढला नाही, त्यावर हात फिरवून पाहिला फक्त. साउंडवाल्यानं ट्रॅक लावला. पहिलं गाणं निम्म्यावर आलं आणि ताईंची मान झटक्यात वळली. जाड तार, तिसरा पडदा. ती अर्धवट दाबलेली करकर मोठमोठ्या स्पीकरमधून सगळ्या हॉलभर घुमली.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"हा माझा हात आहे."

नवरा हसला. अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, असा हसला. "मग तुझाच हात आहे ना ताई! दुसऱ्या कुणाचा लावला असता तर तू रागवायचीस. उलट तुझं वाजवणं आता कायमचं राहिलं."

"मी मेल्यावर लाव ते. मी इथं उभी असताना नाही."

"लोकांना काही कळत नाही गं."

"लोकांना कळतं म्हणून मी आजवर वाजवत होते का?" ताईंचा आवाज चढला नव्हता, खाली गेला होता. "नवीन गाणाऱ्याच्या सरावासाठी म्हणालास ना मला? टेबलाशी बसवून, चहा पाजून, पाठीवर हात ठेवून?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. साउंडवाला वायरी गुंडाळल्यासारखं करू लागला. ताईंनी शेवटी एकच गोष्ट मागितली. "ट्रॅकमधला बेस बंद कर. बाकी काय वाजवायचंय ते वाजव. माझं मी वाजवते, ह्या टिल्लीवर."

"ते नाही होणार. सगळं एकत्र मिसळलंय, वेगळं करता येत नाही."

आता मला राहवलं नाही. "का खोटं बोलतोस? बेसशिवायची वेगळी फाईल आहे. परवा मलाच दाखवत होतास की."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की बस्स. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं सगळं माझ्यावर आलं. तुला काय कळतं, इस्त्रीचं बघ, आता वेळ नाही, शोरूमचे मालक आलेत. हे सगळं स्टेजवर, माणसांसमोर. मला वाटलं, आता ताई उतरतील आणि चालायला लागतील. त्या उतरल्या नाहीत.

संध्याकाळी हॉल भरला. पडदा वर गेला, दिवे लागले, गाणारा पुढे आला. ताई नेहमीच्या जागी उभ्या. पहिल्या ओळीपर्यंत उभ्या होत्या. मग त्यांनी मागची एक खुर्ची शांतपणे पुढं ओढली, टिल्ली मांडीवर आडवी ठेवली, आणि शाळेत बाई सांगतात तशी हाताची घडी घालून बसल्या. तोंडावर बोट तेवढं ठेवायचं राहिलं. बेस मात्र चालूच. अगदी दणदणीत.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पुढच्या रांगेतल्या एकानं शेजारच्याला कोपर मारलं. मग त्यानं पलीकडच्याला. तिसऱ्या गाण्याला मागून एक माणूस ओरडला, "अहो बाई, आम्हाला पण द्या की असली आपोआप वाजणारी गिटार!" सगळा हॉल हसला. गाणारा ओळ विसरला, ट्रॅक मात्र थांबला नाही. लॅपटॉपला कुणी हसलं तर समजत नाही. माझा नवरा कीबोर्डवर वाकलेला, त्याचे कान लाल झालेले मला विंगेतून दिसत होते. ताई शेवटच्या गाण्यापर्यंत तशाच बसल्या. मान डोलावली नाही, हसल्या नाहीत, रडल्या नाहीत.

कपडे बदलायच्या खोलीत त्यानं दार लावून घेतलं. "चारचौघांत मला नागडं केलंस तू!"

"कपडे तूच काढून ठेवले होतेस. मी नुसती बाजूला बसले."

"पोटावर पाय दिलास सगळ्यांच्या."

"सगळे म्हणजे कोण रे? बासरीवाला गेला, काका गेले, आज मी. राहिलं कोण? तू आणि तुझी पेटी." त्यांनी टिल्लीवरचा काळा कागद नखानं सोलायला सुरुवात केली. तो निघता निघेना, पट्ट्यापट्ट्यांनी फाटत होता. "माझ्या हातानं तुला घास भरवले. तू माझा गळा केसानं कापलास."

परतीच्या गाडीत त्या बसल्या नाहीत. एसटी स्टँडवर जाऊन सार्वजनिक बसनं गेल्या. मीही त्यांच्याबरोबर गेले. इस्त्रीची पेटी तिथंच ठेवून.

त्या रविवारी आम्ही दोघी काकांकडे गेलो. टायरच्या दुकानामागं त्यांची एक खोली. ड्रम भिंतीला लावून ठेवलेले, त्यांवर धूळ नव्हती. ताईंनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "तुमचे गुडघे कसे आहेत?"

काका खुर्चीतून उठले, खाली बसले, परत उठले. "कसे दिसतायत? त्यांना काय झालंय? तुझ्या भावानं मला चार दिवस घरी बोलावून सगळे ठेके वाजवून घेतले. पाचव्या दिवशी म्हणाला, काका, आता आराम करा."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझा भाऊ तो. आणि खर्जे, तू विचारायला आलीस का? बॅन्डमधला माणूस उठला, दुसऱ्या दिवशी तू माझ्याच ठेक्यावर वाजवलंस. तुझ्या कानांना कळलं नाही तो माझा हात आहे ते?"

बाहेर आल्यावर दुकानाच्या बंद शटरवर ताईंनी अशी मूठ मारली की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. "त्याच्यावर चिडणं सोपं होतं गं," त्या म्हणाल्या.

भावाबहिणीचा अबोला सुरू झाला तो सुरूच राहिला. घरात मी आणि नवरा कामापुरतं बोलायचो. "भाजीत मीठ कमी आहे." "घाल." एवढंच. मला वाटलं होतं, तो शहाणा होईल. त्यानं दुसरंच केलं. घड्याळाच्या दुकानातला एक विक्रेता, मिशीवाला, दिसायला रुबाबदार, त्याच्या गळ्यात भाड्यानं आणलेली एक भारी बेस घातली आणि त्याला उभा केला. त्याला सा म्हणजे कशाशी खातात ते माहीत नाही. ट्रॅक तोच. हात ताईंचा.

ताईंना हे मी सांगितलं नाही. मैदानातल्या एका ड्रायव्हरनं सांगितलं, तेही कौतुकानं. मोबाईल पुढं धरून म्हणाला, "खर्जताई, हा तुमचाच बॅन्ड ना? हा नवा गडी छान वाजवतोय हो. तुमच्याइतकाच!"

त्या दिवशी दुपारी शेवटचं मूल उतरवल्यावर बस मैदानात गेली नाही. ती आमच्या गल्लीत आली. आमची गल्ली एवढी अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं. ताईंनी ती भली मोठी बस आमच्या दारासमोर आडवी घातली, किल्ली काढून खिशात टाकली आणि जिना चढून वर आल्या. मी दार उघडलं. नवरा टेबलाशी बसला होता.

"माझे हात परत दे," ताई म्हणाल्या.

"ताई, बस आधी. पाणी घे."

"पाणी नको. पाण्यानंच फसले मागच्या वेळी, चहाच्या. ते रेकॉर्डिंग पूस. आत्ता. माझ्यासमोर."

"तुझं वाजवणं मला आवडतं म्हणूनच—"

"आवडतं तर मला बोलवायचं होतंस!" त्या पहिल्यांदा ओरडल्या. माझ्या लग्नापासून मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. "मला उभं करून माझंच भूत वाजवलंस. मग मला काढून त्या मिशीवाल्याला उभं केलंस. माझ्या बोटांवर त्याची मिशी!"

खाली हॉर्न वाजायला सुरुवात झाली. एक, मग दोन, मग सगळी गल्ली. कुणीतरी खालून ओरडलं, "बस कुणाची आहे हो?" मी खिडकीतून म्हटलं, "आमचीच आहे. जरा थांबा." कोपऱ्यावरचा शिंपी जिन्यात येऊन उभा राहिला. त्याच्यामागं आणखी दोघं.

"बस हलव ताई. लोक काय म्हणतील?"

"तुला लोकांना काही कळत नाही असं वाटायचं ना?"

त्यानं लॅपटॉप पुढं ओढला. मग एकेक फाईल पुसायला लागला. ताई खुर्चीमागं उभ्या राहून नावं वाचत होत्या. "काकांचे पण," त्या म्हणाल्या. त्यानं काकांचे ठेकेही पुसले. संपलं म्हणाला तेव्हा मी पुढं झाले. "कचरापेटीही रिकामी कर. तिथून परत काढता येतं, तूच शिकवलंयस मला." त्यानं तीही रिकामी केली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलं म्हणू नकोस. चुकतं ते नकळत. तू केलंस." आणि त्या खाली गेल्या. बस गल्लीतून बाहेर काढायला त्यांना पाऊण तास लागला. शिंपी पुढं उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत होता.

हे महागात पडलं. कुणीतरी फोटो शाळेत पाठवला. मुलं नव्हती तरी ठरलेला रस्ता सोडून बस नेली म्हणून ताईंना महिनाभर घरी बसवलं. बिनपगारी. त्यांनी मान खाली घालून ऐकलं नाही. मुख्याध्यापिकेला म्हणाल्या, "शिक्षा बरोबर आहे, मॅडम. पण मी परत तेच करीन." मॅडम म्हणाल्या, "हे दुसरं वाक्य मी ऐकलं नाही."

त्या महिन्यात ताई रोज काकांच्या खोलीत जायला लागल्या. आधी काका दार अर्धवट उघडायचे. मग पूर्ण. खोलीत दोघं आणि ड्रम मावले की मोठ्या बेसला जागा उरायची नाही, त्यामुळं टिल्लीच. टायरवाल्याला आवाजाची तक्रार नव्हती. तो म्हणायचा, आमचं हवा भरायचं यंत्र याहून वाईट वाजतं. गाणारं कुणी नव्हतं. नुसता ठेका आणि नुसता खर्ज. मी एकदा ऐकायला गेले तर दोघं भांडत होते, लय कुणी आधी पळवली यावरून. काका म्हणत होते तू, ताई म्हणत होत्या तुम्ही. तासभर भांडण चाललं आणि मग परत पहिल्यापासून वाजवलं.

माझ्या नवऱ्याची कामं रद्द झाली. मिशीवाला घड्याळाच्या दुकानात परत गेला. नवा ट्रॅक करायला वाजवणारं कुणी येईना, गोष्ट सगळ्यांच्या कानावर गेली होती. मला कीव आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण आली नाही. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, "ताईला विचारशील का, मी येऊ का तिथं?"

"तुझी जीभ कुठं गेली? तूच विचार."

त्यानं ताईंना फोन केला. ताई म्हणाल्या, "खोली काकांची आहे. त्यांना विचार." काकांना विचारलं. काका म्हणाले, "ये शनिवारी. काही आणू नकोस."

तो गेला. काकांनी त्याला दाराजवळ स्टुलावर बसवलं आणि दोघांनी दुपारभर वाजवलं. त्याला एक शब्द बोलू दिला नाही, कशालाही हात लावू दिला नाही. घरी आला तो तोंड पाडून. जेवला नाही. मी ताट वाढून ठेवलं होतं ते झाकून ठेवलं.

पुढच्या शनिवारी तो परत गेला.